खोक्यातलं नशीब

काडेपेटीवरची चित्रं जमवण्याचा नाद ज्यांना लहानपणी होता, त्यांना मी आज सांगणार आहे ते चटकन कळेल. वाघाची दहा द्यायची आणि जहाजाचं एक घ्यायचं, असा तो व्यवहार. अमेरिकेतल्या मुलांना हाच नाद बेसबॉलच्या कार्डांचा. फरक एवढाच, की आपली चित्रं शेवटी चुलीत गेली आणि तिकडच्या कार्डांचे लिलाव होतात.

ही कार्डंही सुरुवातीला दुसऱ्या मालासोबत फुकट मिळायची. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं घालत असे. होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड छापणं मध्येच थांबलं, मोजकीच बाहेर आली. त्यातलं एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. पुढे सिगारेटची जागा च्युइंगगमनं घेतली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीतल्या साय बर्गर यांनी १९५२ साली ४०७ कार्डांची मालिका काढली. तिच्यातली न खपलेली खोकी आपण १९६० साली तराफ्यावर लादून अटलांटिक महासागरात बुडवली, ही हकिगत बर्गर यांनीच सांगितलेली. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं एक कार्ड २०२२च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं.

ही कार्डं मौल्यवान झाली, कारण त्या काळी ती कुणीच मौल्यवान मानली नव्हती. पोरांनी ती सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफट वाजवली, रबर लावून खिशात कोंबली. पोरं मोठी होऊन घराबाहेर पडली आणि आयांनी घर आवरताना सगळं रद्दीत काढलं. त्यातून जी वाचली, ती दुर्मीळ.

१९८०च्या दशकात लोकांना हे कळलं आणि सगळेच कार्डं जपू लागले. कंपन्यांनीही मागणी पाहून बेसुमार छपाई केली. पाकिटं तेव्हा मेणकागदाची असत, म्हणून त्या काळातल्या मालाला आज संग्राहक चक्क ‘जंक वॅक्स’ म्हणतात. सगळ्यांनीच जपलं, तर दुर्मीळ काय राहणार? मग कंपन्यांनी दुर्मीळता कारखान्यातच छापायला घेतली. आजचं खोकं समजून घ्यायचं तर ही मेख आधी ध्यानात घ्यावी लागते.

उदाहरणच घेऊ. टॉप्सच्या २०२४च्या पहिल्या मालिकेत ३५० कार्डं होती. संग्राहकांसाठीच्या मोठ्या खोक्यात २० पाकिटं आणि प्रत्येक पाकिटात १२ कार्डं, म्हणजे एकूण २४०. किंमत शंभर डॉलरच्या आसपास. एका खोक्यात संच पुरा होत नाही, हे साध्या हिशेबानंच कळतं. हमी एकाच गोष्टीची, की खोक्यात एक तरी स्वाक्षरीचं किंवा कापडाचा, बॅटचा तुकडा बसवलेलं कार्ड निघेल. कुणाचं, ते मात्र नशिबावर.

खोकं फोडल्यावर पहिलं काम वेगळं काढण्याचं. बहुसंख्य कार्डं साधी असतात आणि त्यांना बाजारात सुटे सेंट मिळतात. साध्या कार्डांमध्ये समोरच्या बाजूला ‘आरसी’ ही अक्षरं असलेली चिठ्ठी पाहायची. ती २००६पासून नवख्या खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या कार्डांवर असते. तो पुढे मोठा झाला, तर किंमत याच कार्डाची वाढते. नंतर प्रत्येक कार्ड उजेडात तिरकं धरायचं. चित्र तेच, पण कड सोनेरी किंवा निळी, पृष्ठभाग आरशासारखा, अशी भावंडं त्यात लपलेली असतात. काहींवर बारीक आकडा असतो, समजा १२/५०. म्हणजे अशी पन्नासच छापली, त्यातलं हे बारावं. १/१ असेल तर जगात तेवढं एकच. पण आकड्याला भुलायचं नाही. कुणाच्या लक्षात नसलेल्या खेळाडूचं पन्नासातलं एक कार्ड पडून राहतं आणि नामवंताचं साधं कार्ड हातोहात जातं.

स्वाक्षरी असेल तर ती थेट कार्डावर केली आहे की पारदर्शक चिकटपट्टीवर करून वर डकवली आहे, हे पाहायचं. थेट स्वाक्षरीला मान अधिक. कापडाचा तुकडा असेल तर मागचा बारीक मजकूर वाचायचा. ‘हा तुकडा कोणत्याही विशिष्ट सामन्याशी किंवा खेळाडूशी संबंधित नाही’ अशा अर्थाचं वाक्य पुष्कळदा तिथे असतं. मग ते नुसतं कापड! १९९९ साली अप्पर डेक कंपनीनं तर बेब रूथ या महान खेळाडूची बॅट विकत घेऊन तिच्या चिपा कार्डांत बसवल्या होत्या. तेव्हा पुष्कळ लोक हळहळले. मलाही तो प्रकार वाड्याचं नक्षीदार दार फोडून ढलप्या विकण्यासारखा वाटतो.

त्यानंतर अवस्था. चारही कोपरे टोकदार हवेत, कडा पांढुरक्या नकोत, पृष्ठभागावर ओरखडा नको आणि चित्राभोवतीचा समास चारी बाजूंनी सारखा हवा. पीएसएसारख्या संस्था कार्ड तपासून १ ते १० असे गुण देतात आणि ते प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतात. नऊ आणि दहा गुणांच्या किमतीत कधीकधी कित्येक पटींचं अंतर पडतं. पण तपासणीला वीस-पंचवीस डॉलर किंवा जास्त लागतात, म्हणून पाच डॉलरचं कार्ड तिथे पाठवण्यात अर्थ नसतो. आणि भाव बघायचा तो झालेल्या विक्रीचा. विकणारा मागतो ती त्याची इच्छा असते. मालिका नवी असताना भाव चढे असतात, माल बाजारात पसरला की बहुतेक उतरतात.

माझ्या भाचीचा मुलगा न्यू जर्सीत शाळेत जातो. वाढदिवसाच्या पैशांतून त्यानं आणलेलं, दुसऱ्याच एका मालिकेचं खोकं फोडताना मी पाहिलं आहे. तो पाकीट फाडत नाही, वरून हलकेच सोलतो, कार्ड कडांनाच धरतो. शेवटून दुसऱ्या पाकिटात स्वाक्षरी निघाली. त्यानं नाव मोठ्यानं वाचलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, ‘‘हा कोण?’’ मला कुठलं ठाऊक असायला! संध्याकाळी बसून आम्ही हिशेब केला. शंभर डॉलरच्या खोक्यातून विकता येण्याजोगं वीस-बावीस डॉलरचं निघालं. त्याची आई गप्प होती. बहुतेक खोक्यांचा हिशेब असाच तोट्याचा असतो. मला हा जुगारच वाटतो, फक्त हरल्यावर हातात चित्रं उरतात. मटक्यात तेवढंही उरत नाही.

तरीही खोकी खपतात, ती पॉल स्कीन्सच्या कार्डासारख्या घटनांमुळे. २०२३पासून मोठ्या स्पर्धेत पदार्पण करणाऱ्या खेळाडूच्या बाहीवर एक खास बिल्ला लावतात आणि सामन्यानंतर तो काढून, स्वाक्षरीसह, एकाच कार्डात बसवतात. पिट्सबर्ग पायरेट्सचा गोलंदाज (तिकडे त्याला पिचर म्हणतात) स्कीन्स मे २०२४मध्ये मैदानात उतरला. त्याचं ते एकमेव कार्ड लॉस एंजेलिस परिसरातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाला त्याच वर्षीच्या नाताळात मिळालं. क्लबनं त्या बदल्यात तीस वर्षांची तिकिटं देऊ केली. घरच्यांनी लिलाव निवडला आणि मार्च २०२५मध्ये त्याचे ११ लाख १० हजार डॉलर आले. ही बातमी सगळीकडे झळकली. रिकाम्या निघालेल्या खोक्यांची बातमी होत नाही.

राहिली ती साधी दोनशे-सव्वादोनशे कार्डं. ती नऊ कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या पानांत क्रमांकानं लावायची, दुबार आलेली अदलाबदलीसाठी बाजूला ठेवायची आणि न मिळालेल्या क्रमांकांची यादी करायची. भाचीच्या मुलाची यादी वहीची दोन पानं भरून झाली. तशी सुटी कार्डं दुकानात थोडक्या पैशांत मिळतात, दुसऱ्या खोक्यापेक्षा कितीतरी स्वस्त. पुढच्या शनिवारी तो आईबरोबर ती यादी घेऊन दुकानात गेला.