सहकुटुंब ग्रामसंगीत-श्रवण



संगीत ऐकण्याचे दोन प्रकार आहेत. एक, जे एकट्याने ऐकता येते. व दुसरे, जे चार माणसांत बसल्यावाचून पुरते ऐकूच येत नाही. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यापासून पहिला प्रकार इतका सुलभ झाला आहे की, एकाच घरात चार माणसे चार निरनिराळी गाणी ऐकत बसलेली दिसतात. दुसऱ्या प्रकाराची मात्र ओळखही लहान मुलांस राहते की नाही, अशी शंका येते. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आपल्या वऱ्हाडात ह्या दुसऱ्या प्रकारच्या संगीताचे सर्वांत मोठे स्थान म्हणजे अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी होय. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव दरवर्षी आश्विन महिन्यात होतो. महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी त्याच जिल्ह्यातील यावली गावी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. विशेष शालेय शिक्षण नसताना केवळ हातातील खंजिरी व गळ्यातील भजन ह्यांच्या बळावर त्यांनी गावेच्या गावे जागी केली. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण हे त्यांच्या भजनांचे विषय. १९४२ च्या आंदोलनात त्यांस तुरुंगवासही घडला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, म्हणजे आश्विन वद्य पंचमीस, त्यांचे देहावसान झाले. महोत्सवात त्या तिथीस दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय एकाएकी स्तब्ध उभा राहतो, आणि त्यानंतर निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. ज्या ठिकाणी दिवसभर खंजिरी घुमत असते, त्या ठिकाणची ती शांतता हाही संगीताचाच एक भाग वाटतो.

आम्ही घरची पाच माणसे यवतमाळहून अमरावतीस व तेथून नागपूरच्या वाटेने मोझरीस जावयास निघालो, तेव्हा आमच्या वृद्ध आत्याबाईंनी विचारले, "आपल्या मंडळीत भजनं होत नाहीत काय रे, म्हणून तिकडे चाललास?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पुढे देतो. आधी हे संगीत आहे तरी कसे, ते पाहू.

खंजिरी हे वाद्य दिसावयास अगदी साधे. लाकडाचे एक कडे, त्याच्या एका बाजूस ताणून बसविलेले कातडे, आणि कड्याच्या खाचांत धातूच्या लहानशा चकत्या. डाव्या हातात ती धरावयाची व उजव्या हाताच्या बोटांनी वाजवावयाची. कातड्याचा घुमारा व चकत्यांचा झणकार असे दोन आवाज एकाच वाद्यातून निघत असल्यामुळे ढोलक व झांज ह्या दोहोंचे थोडेथोडे काम ती एकटी करते. कातडे हवेतील ओलावा शोषून घेते व सैल पडते. म्हणजे आवाज उतरतो. उष्णतेने ते पुन्हा ताणले जाते. डफ वाजविणारे लोक मधूनमधून तो विस्तवावर शेकून घेतात, त्याचे कारणही हेच.

भजनाची रचना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आरंभी मुख्य गायक ध्रुवपद म्हणतो. ते सोबत्यांनी उचलावयाचे. मग गायक एक कडवे म्हणतो आणि पुन्हा ध्रुवपदावर येतो. ताल बहुधा आठ मात्रांचा. त्यामुळे ज्यास गायनाचे शिक्षण नाही अशासही टाळी धरता येते. प्रथम लय संथ असते, मग हळूहळू चढत जाते, आणि शेवटी खंजिरी, टाळ व टाळ्या एक होऊन जातात. ध्रुवपद पुनःपुन्हा का येते, असे माझ्या धाकट्या मुलीने विचारले. मी म्हटले, "कडवे गायकाचे असते, ध्रुवपद आपले असते." ज्यास वाचता येत नव्हते, अशा शेतकऱ्यासही तिसऱ्या फेरीला ते पाठ होई, आणि त्यातील उपदेश तो घरी घेऊन जाई. ह्याच युक्तीने आपल्या संतांनी शेकडो वर्षे लोकशिक्षण चालविले. अर्थात् श्रोता गप्प बसला तर अर्धे भजन न गाताच राहिले असे समजावे.

मोठ्या मैदानात कोठे बसावे, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. मंचापासून १७० मीटरांवर बसलेल्या माणसास आवाज सुमारे अर्ध्या सेकंदाने उशिरा पोहोचतो. सेकंदाला दोन मात्रा अशी लय असेल, तर तो माणूस एक अख्खी मात्रा मागे पडला! मागील लोकांची टाळी पुढच्यांशी जुळत नाही, तेव्हा त्यांस ताल कळत नाही असे समजू नये. अंतराचा तो दोष आहे. मागे कर्णे लावले तर विजेमुळे त्यांतून आवाज तत्काळ येतो, पण मंचाजवळील कर्ण्यांचा आवाज नंतर येऊन त्यात मिसळतो, आणि शब्द दुहेरी ऐकू येतात. शिवाय उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून मुलांस घेऊन शक्य तितके पुढे, परंतु बाजूस बसावे. म्हणजे वादकाची बोटे दिसतात व कर्णा कानावर येत नाही. कर्ण्याच्या अगदी तोंडाशी कधीही बसू नये. कानाच्या आतील ज्या सूक्ष्म पेशी ध्वनी ग्रहण करतात, त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्यास पुन्हा येत नाहीत.

आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या पवित्र शास्त्रात तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामेने हाती डफ घेतला व सर्व स्त्रिया तिच्यामागून निघाल्या, असे वर्णन आहे. तो डफ व ही खंजिरी एकाच कुळातील होत. दुसरे, मराठी ख्रिस्ती मंडळीत आज आपण जी भजने आपली म्हणून गातो, ती रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्यासारख्यांनी ह्याच भूमीतील अभंगाच्या व कीर्तनाच्या चालीवर उभी केली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी धर्म बदलला, पण टाळ व अभंग टाकले नाहीत. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो, तिच्या काठावर शेजाऱ्यासह बसण्यास संकोच का असावा? आपली श्रद्धा आपल्यापाशी दृढ असेल तर दुसऱ्याच्या भक्तीपुढे आदराने बसल्याने ती उणी होत नाही. मी हे सांगितले, तेव्हा आत्याबाई काही बोलल्या नाहीत. मात्र प्रवासासाठी दशम्यांचा डबा त्यांनीच भरून दिला.

हा अनुभव केवळ आपल्याच देशातला नाही. अमेरिकेतही खेड्यापाड्यांतील गीतांची मोठी परंपरा आहे. तेथील नॅशव्हिल शहरात १९२५ साली सुरू झालेला 'ग्रँड ओल ऑप्री' नावाचा रेडिओवरील कार्यक्रम १९४३ पासून १९७४ पर्यंत रायमन सभागृहात होत असे. ते सभागृह १८९२ साली मूळ ख्रिस्ती उपदेशसभांसाठी बांधले गेले होते. त्यामुळे प्रेक्षक खुर्च्यांवर न बसता उपासनामंदिरातल्यासारख्या लांब बाकांवर बसत. खुर्ची एकाची असते, बाक कुटुंबाचे असते. आपल्याकडे बाकाचे काम सतरंजी करते, इतकाच काय तो भेद.

एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. भजन रंगात आले तेव्हा मी मोबाइल उंच धरून त्याचे चित्रण करीत होतो. हात गुंतलेले, म्हणून टाळी नाही; आवाज चित्रणात येऊ नये, म्हणून तोंड मिटलेले. शेजारी माझी मुलगी व एक अनोळखी आजीबाई एकाच लयीत टाळ्या वाजवीत ध्रुवपद म्हणत होत्या. दुसरी चूक अधिक मोठी. आमच्या धाकट्यास झोप आली, तेव्हा त्यास घेऊन मागे झाडाखाली बसली ती माझी पत्नीच. घरी परत आल्यावर ती सहज म्हणाली, "मी कर्णा ऐकला, भजन नाही ऐकलं." पालकहो, सहकुटुंब जाणे म्हणजे सर्वांनी एका गाडीत बसणे नव्हे, घरातील प्रत्येकाच्या वाट्यास एकेक भजन तरी निर्वेध येणे होय. मूल सांभाळण्याची पाळी लावावी, आणि पहिली पाळी पुरुषाने घ्यावी.

ह्यात फार मोठे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. त्यास मी जात्याची आठवण देतो. पहाटे दळताना स्त्रिया ओव्या म्हणत. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलेच झाले; परंतु दळणाबरोबर ओवीही घरातून गेली, कारण ती म्हणण्याची दुसरी वेळ कोणी राखून ठेवली नाही. ग्रामसंगीत गायकांच्या अभावी मरत नाही. ध्रुवपद उचलणारे उरले नाहीत म्हणजे मरते. यंत्रात साठविलेले भजन शंभर वर्षे टिकेल, पण त्यास ओ देणारा कंठ नसेल तर ते पेटीत ठेवलेल्या बियाण्यासारखे राहील.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुमच्या गावात भजन असो, मंडळीत उपासना असो, वा शाळेत प्रार्थना असो, ध्रुवपद आले की तोंड उघडा. सूर चुकला तरी चिंता नाही. आठ मात्रा मोजत रहा. आणि घरी गेल्यावर आईस विचारा, तिने ते पुरते ऐकले काय. ऐकले नसेल तर तुम्ही म्हणून दाखवा.