खुन्नस, कोयता आणि ग्लासगो

ऑक्टोबर २००८. ग्लासगोच्या न्यायालयात एका दिवशी भलतीच गर्दी झाली होती. स्कॉटलंडमधल्या या शहराच्या पूर्व भागातल्या टोळ्यांची पोरं एकाच दालनात बाकांवर बसवली होती. एरवी ही पोरं रस्त्यात समोरासमोर आली की राडा ठरलेला. बाहेर पोलिसांचा कडक बंदोबस्त होता आणि आसनावर न्यायाधीश स्थानापन्न झाले होते. पण खटला कुणावरच नव्हता. पोलिसांनी या पोरांना बोलावून घेतलं होतं.

आधी पोलीसप्रमुख बोलले. तुम्ही कोण, कुठं राहता, कुणाबरोबर फिरता हे सगळं आम्हाला ठाऊक आहे. यापुढं एकानं वार केला तर अख्ख्या टोळीच्या मागं लागू, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. मग एका सर्जननं चाकूनं फाटलेल्या चेहऱ्यांविषयी सांगितलं. नंतर एक आई उभी राहिली आणि आपल्या मुलावर झालेल्या हल्ल्याची हकीकत तिनं या पोरांना ऐकवली. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा परिणाम या आईच्या बोलण्यानं झाला, असं तिथले अधिकारी पुढं सांगत राहिले. शेवटी पोरांना एक फोन नंबर देण्यात आला. यातून बाहेर पडायचं असेल तर फोन करा. शिक्षण, काम, दारू सोडवणं, राग आवरणं, जे लागेल त्यात मदत करू.

एका हातात दंडुका आणि दुसऱ्या हातात फोन नंबर, असा हा प्रकार. ग्लासगोला तो सुचायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली.

ग्लासगोची लोकसंख्या सहा लाखांच्या आतबाहेर, म्हणजे साधारण आपल्या कोल्हापूरएवढी. गोदी आणि जहाजबांधणीवर वाढलेलं हे कामगारांचं शहर. १९२०-३०च्या दशकांत इथल्या टोळ्यांच्या खिशात दाढीचा वस्तरा असे. गालावरचा व्रण ही शहराची ओळखच होऊन बसली. १९३१ मध्ये पर्सी सिलिटो हा खमका अधिकारी पोलीसप्रमुख म्हणून आला आणि त्यानं टोळ्यांना झोडपून काढलं. काही काळ शांतता लाभली. १९६८ मध्ये फ्रँकी वॉन हा लोकप्रिय गायक ईस्टरहाउस या वस्तीत गेला आणि त्यानं पोरांना हत्यारं टाकायचं आवाहन केलं. हत्यारं जमाही झाली, फोटो छापून आले. चाकू मात्र थांबले नाहीत, आणि थांबणार तरी कसे? चाकू तर घरोघरी, स्वयंपाकाच्या ओट्यावरच पडलेला असतो. एक जमा केला तर संध्याकाळी दुसरा हजर.

२००४-०५ या एका वर्षात स्कॉटलंडमध्ये १३७ खून झाले. देशाची लोकसंख्या जेमतेम पन्नास लाख. यातले साधारण निम्मे धारदार हत्यारानं झालेले, आणि मोठा वाटा ग्लासगो परिसराचा. ‘युरोपची खूनराजधानी’ हे नाव याच काळात शहराला चिकटलं.

त्या वेळी पोलीस खात्यात करिन मॅकक्लस्की माहितीचं विश्लेषण करण्याचं काम करत होत्या. पोलिसांत येण्याआधी त्या परिचारिका होत्या. खुनांचा तपास करण्यात आयुष्य गेलेले जॉन कार्नोखन त्यांच्या जोडीला होते. २००५च्या जानेवारीत या दोघांकडं एक छोटा विभाग सोपवण्यात आला. नाव साधंच: हिंसाचार कमी करणारा विभाग. गुन्हा उघडकीला आणण्याचं खात्याचं काम चोख होतं. बहुतेक खुनांतले आरोपी सापडत होते, शिक्षाही होत होत्या. तरीही पुढच्या शनिवारी पुन्हा कुणीतरी रक्तबंबाळ होऊन दवाखान्यात यायचंच. मग खात्याचं नेमकं चुकतंय कुठं, हा या दोघांचा प्रश्न होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये हिंसाचारावर एक मोठा अहवाल काढला होता. हिंसाचाराकडं साथीच्या आजारासारखं पाहा, असं त्याचं म्हणणं. ग्लासगोनं ते मनावर घेतलं. डेंग्यूचा रुग्ण सापडला की पालिकेचे लोक नुसतं त्याला सलाइन लावून थांबत नाहीत. त्याच्या गल्लीतली पिंपं, कुंड्या, फुटके टायर उपसून अळ्या शोधतात. इथंही तेच करायचं. वार कुठं होतात, कोणत्या वारी, किती वाजता, कोण कुणाला मारतो, आणि आज मार खाल्लेला पोरगा महिन्याभरानं मारणारा होतो का, हे सगळं पाहायचं.

पाहिल्यावर जे दिसलं ते सिनेमातल्या टोळीयुद्धासारखं मुळीच नव्हतं. यात खंडणी नव्हती, सोन्याची तस्करी नव्हती. दोन-चार रस्त्यांची हद्द आणि ती ओलांडली म्हणून मारामारी. तू माझ्याकडं असं का बघितलंस, एवढं कारण पुरे. मराठीत यासाठी ‘खुन्नस’ हा नेमका शब्द आहे, आणि आपल्याकडच्या पोलिसांच्या फिर्यादींतही ‘खुन्नस दिल्याच्या कारणावरून’ हे शब्द वरचेवर सापडतात. चाकू बाळगणाऱ्या पोरांना कारण विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच: दुसऱ्याकडं आहे म्हणून. म्हणजे चाकू खिशात येतो तो भीतीपोटी. एकदा तो खिशात आला की माघार घेणं मात्र अवघड होतं. बघ्यांच्या देखत मागं हटला तर उद्यापासून गल्लीत किंमत नाही.

यात एक गैरसमज जीवघेणा ठरतो. ‘मांडीवर मारला तर कुणी मरत नाही, नुसता धडा मिळतो’ असं या पोरांना वाटतं. मांडीतून मोठी रोहिणी जाते. ती कापली गेली तर काही मिनिटांत माणूस रक्त जाऊन मरतो. धडा शिकवायला निघालेला सतरा वर्षांचा पोरगा खुनाचा आरोपी होतो, आणि त्याच्याइतकं आश्चर्य दुसऱ्या कुणालाच वाटत नाही. ग्लासगोतल्या जबड्याच्या शल्यचिकित्सक क्रिस्टीन गुडॉल आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी २००८ मध्ये एक संस्था काढली आणि हे सगळं शाळांत जाऊन सांगायला सुरुवात केली. पोलिसानं सांगितलेलं पोरं या कानानं ऐकून त्या कानानं सोडतात. टाके घालणाऱ्या बाईंचं जरा ऐकतात.

न्यायालयातला तो कार्यक्रम हाही याच उद्योगाचा भाग. कल्पना मूळची अमेरिकेतली. बॉस्टनमध्ये १९९६ मध्ये डेव्हिड केनेडी आणि सहकाऱ्यांनी टोळ्यांतल्या पोरांना समोर बसवून असाच इशारा आणि असाच मदतीचा हात दिला होता. तिथं तरुणांचे खून निम्म्याहून कमी झाले. ग्लासगोतल्या प्रयोगाचं मोजमाप पुढं संशोधकांनी केलं. त्यात सामील झालेल्या पोरांचे हत्यार बाळगण्याचे गुन्हे दोन वर्षांत ८४ टक्क्यांनी घटले. सामील न झालेल्या, तशाच पार्श्वभूमीच्या पोरांमध्येही घट होती, पण ४० टक्के. प्रयोग नसतानाही वय वाढतं तशी बरीच पोरं आपोआप निवळतात, हे या दुसऱ्या आकड्यातून कळतं आणि फुशारकीला आळा बसतो.

स्कॉटलंडमधले खून दहा वर्षांत ६०च्या आसपास आले आणि २०२२-२३ मध्ये ५२ वर. याचं सगळं श्रेय एका विभागाला देणं बरोबर नाही. त्याच काळात चाकू बाळगण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून चार आणि पुढं पाच वर्षांपर्यंत वाढवली गेली. ग्लासगोत रस्त्यावर पोरांच्या झडत्या इतक्या झाल्या की त्यावर मोठं काहूर उठलं आणि २०१७ मध्ये कायदेशीर कारणाशिवाय झडती घेणं बंद करावं लागलं. शिवाय, चाकू कमी झाले म्हणून त्या वस्त्यांचं दैन्य संपलं असंही नाही. २०२० मध्ये स्कॉटलंडमध्ये अमली पदार्थांनी १,३३९ जणांचा जीव घेतला.

वेल्सची राजधानी कार्डिफ ग्लासगोहूनही लहान, साडेतीन लाख वस्तीची. तिथली गोष्ट कमी नाट्यमय आहे, पण छोट्या शहरांना ग्लासगोपेक्षा जास्त उपयोगी पडेल अशी. जोनाथन शेफर्ड हे तिथले जबड्याचे सर्जन. मारामारीत तोंड फुटून येणाऱ्यांवर ते उपचार करत. त्यांच्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जणांची पोलिसांकडं नोंदच नसते. कुणी सूडाच्या भीतीनं गप्प बसतो, कुणी स्वतःच भांडण उकरून काढलेलं असतं. मग दवाखान्याच्या खिडकीवरचा कारकूनच दोन-तीन प्रश्न विचारू लागला: कुठं लागलं, किती वाजता, कशानं? नाव-गाव वगळून ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेकडं जाऊ लागली. त्यातून नकाशा तयार झाला. कोणता बार, कोणतं वळण, कोणता बसथांबा हे स्पष्ट दिसलं. गस्त तिथं हलवली गेली, फुटून पात्यासारखे होणारे काचेचे ग्लास बदलले गेले. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये हिंसाचारामुळं दवाखान्यात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी राहिलं. यात मोठा खर्च काहीच नव्हता.

आपल्याकडं ही खिडकी आधीपासूनच आहे. सिव्हिल हॉस्पिटलात मारहाणीचा रुग्ण आला की ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) होते आणि पोलीस चौकीला कळवलं जातं. पण ती नोंद त्या एका गुन्ह्याच्या कागदपत्रांत जाऊन बसते. वर्षभराच्या एमएलसींतून फक्त जागा आणि वेळ उतरवून घेतली तरी जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही शहराला आपला नकाशा हाती लागेल.

आपल्याकडं चाकूची जागा कोयत्यानं घेतली आहे. पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द रोजच्या बातमीतला झाला. जून २०२३ मध्ये भरदिवसा, सदाशिव पेठेसारख्या ठिकाणी एका तरुणीच्या मागं कोयता घेऊन धावणारा तरुण सगळ्या महाराष्ट्रानं सीसीटीव्हीत पाहिला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं मध्ये पडली म्हणून ती वाचली. खरं तर कोयता हे कष्टकऱ्याचं अवजार. ऊसतोडीच्या हिशेबात तर ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा मजूर ‘अर्धा कोयता’. नारळवाल्याच्या हातगाडीवरही तो असतोच. कायद्याची अडचण इथंच होते. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार येतं, पण घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेलं पातं त्यातून वगळलेलं आहे. म्हणून पोलीस मनाई आदेशांचा आधार घेतात. पुण्यात कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहण्याची सूचनाही झाली. तिचा उपयोग मर्यादितच: कोयता गावाकडच्या लोहाराकडंही मिळतो आणि घरच्या कोपऱ्यातही.

दुसरा उपाय म्हणजे धिंड. आरोपीला त्याच्याच वस्तीतून पोलिसांनी फिरवायचं. लोक टाळ्या वाजवतात, दोन दिवस बरं वाटतं. पण वाढदिवसाचा केक तलवारीनं कापून त्याची रील टाकणाऱ्या पोराला गल्लीनं बघावं हेच तर हवं असतं. त्याची फुकटची मिरवणूक निघते. स्कॉटलंडमध्ये २००९ मध्ये इन्व्हरक्लाइड या छोट्या भागातून चाकूविरोधी मोहीम सुरू झाली. तिथं पुढं असा निष्कर्ष निघाला की पोस्टरवर चाकूचं चित्रच नको. ते पाहून पोरांना वाटतं, चाकू सगळ्यांकडं आहे, आपणही ठेवावा. जप्त केलेल्या कोयत्यांची टेबलावर आरास मांडून फोटो काढणाऱ्यांनी हे एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

तडीपारी आणि मोक्का यांची गरज आहेच. सराईत गुन्हेगाराला फोन नंबर देऊन भागत नाही. पण या गुन्ह्यांत वरचेवर सापडतात ती सोळा-सतराची पोरं. दहावीत गळालेली, दिवसभर कट्ट्यावर. कागदावर ती ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. गुन्हा जघन्य असेल तर १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवता येतो, तशी तरतूद २०१५च्या कायद्यात आहे. बाकीची निरीक्षणगृहातून त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर परततात. फरक एवढाच, की आता त्यांच्या नावापुढं ‘भाई’ लागलेलं असतं.

डिसेंबर २०१५ पासून ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीच्या अपघात विभागात गुलाबी टी-शर्ट घातलेली माणसं फिरू लागली. ती ना डॉक्टर, ना पोलीस. काही जण स्वतः कधीकाळी मारामाऱ्या केलेले, तुरुंग पाहून आलेले. टाके घालून होईपर्यंत ते पोराच्या खाटेपाशी थांबतात, घरी जायला सुरक्षित वाटतंय का विचारतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करतात. भीती आणि वेदना ताजी असते तेवढाच वेळ पोरगा ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो, हा यामागचा विचार.

आपल्या एखाद्या सिव्हिलमध्ये रात्री अकराला डोक्यात वार झालेला पोरगा येतो, तेव्हा त्याच्या खाटेपाशी जबाब घ्यायला आलेला हवालदार असतो आणि पदर डोळ्यांना लावलेली आई असते. बाहेर फाटकाशी तीन-चार मोटारसायकली उभ्या असतात. थोड्या वेळानं त्यातले दोन मित्र आत येतात, खाटेवर वाकतात आणि हळूच म्हणतात, ‘कोण होता, नाव सांग फक्त.’ गुलाबी टी-शर्टवाल्यांची सगळी धडपड या दोघांच्या आधी खाटेपाशी पोहोचायची असते.