लाजाळूची लाज कीं विजेचा निरोप?

लाजाळूच्या पानास बोट लाविलें असतां तें मिटतें, ही गोष्ट लहान मुलासहि ठाऊक असते. परंतु तें मिटतें कसें, असा प्रश्न केल्यास चांगले शिकलेले गृहस्थहि ‘तो तिचा स्वभावच’ एवढें सांगून मोकळे होतात. स्वभाव हें उत्तर नव्हे. तें प्रश्नालाच दिलेलें दुसरें नांव होय. आमच्या खाप्यांत हातमागावर बसलेला विणकर धागा तुटला म्हणजे ‘धाग्याचा स्वभाव’ म्हणून स्वस्थ बसत नाहीं. तो कोठें तुटला व कां तुटला हें पाहतो. तीच दृष्टि आज लाजाळूकडे लावून पाहूं.

प्रथम तिचें अंग न्याहाळावें. पानाचा देंठ जेथें खोडास मिळतो तेथें एक फुगीर गांठ असते, आणि तशाच बारीक गांठी प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशींहि असतात. या गांठींतील पेशी भरलेल्या पखालीप्रमाणें पाण्यानें तट्ट फुगलेल्या असतात. स्पर्श झाला कीं गांठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम व क्लोराइड यांचे विद्युद्भारित कण बाहेर पडतात, आणि पाणीहि त्यांच्या मागोमाग जातें. ती बाजू सैल पडते, दुसरी ताठ राहते, आणि पान झुकतें. येथें स्नायु नाहीं कीं दोरी नाहीं. सारा खेळ पाण्याच्या ताणाचा आहे. तोच ताण पुन्हां भरून पान उघडावयास साधारणतः पंधरा-वीस मिनिटें लागतात.

परंतु याहून गूढ गोष्ट पुढेंच आहे. स्पर्श एका टोंकाच्या पर्णिकेस होतो, आणि मिटत जातात शेजारच्या जोड्या, एकामागून एक. बातमी कोण नेतें? ती नेते वीज. प्रत्येक जिवंत पेशीच्या आंतील व बाहेरील बाजूंत सुमारें एका व्होल्टच्या दहाव्या हिश्शाचा किंवा त्याहून थोडा अधिक विद्युत्-भेद असतो. स्पर्शानें तो क्षणमात्र ढांसळतो आणि ढांसळण्याची ही लाट पेशीकडून पेशीकडे सरकते. तांब्याच्या तारेंतून वीज धांवते तसें हें नव्हे. विहिरीपासून घरापर्यंत माणसें रांगेनें उभीं करून घागर हातोहात पोंचवावी, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच त्याची गति बेताची, म्हणजे सेकंदास दोन-तीन सेंटिमीटर असते. मनुष्याच्या अति जलद मज्जातंतूंतील निरोप सेकंदास शंभर मीटरपर्यंत धांवतो.

वनस्पतींतील ही वीज प्रथम मोजली गेली ती लाजाळूंत नव्हे, तर अमेरिकेंतील कॅरोलिना प्रांतांच्या दलदलींत वाढणाऱ्या एका कीटकभक्षक झाडांत. त्यास व्हीनसचा माशीपिंजरा म्हणतात. डार्विनच्या सूचनेवरून बर्डन-सँडर्सन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें १८७३ सालीं हें मापन केलें. दोनच वर्षांनीं डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

यानंतर या क्षेत्रांत उतरले ते आमच्याच देशाचे आचार्य जगदीशचंद्र बसु. माशीपिंजऱ्यासारख्या विलक्षण झाडांतच नव्हे, तर साध्या भाजीपाल्यांतहि आघातास विजेचें प्रत्युत्तर मिळतें, असें त्यांचें म्हणणें होतें. १९०१ सालीं त्यांनीं आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला. त्यास विरोध केला तो याच बर्डन-सँडर्सन यांनीं! निबंध छापला न जातां दप्तरांत पडून राहिला. बसूंनीं वाद घातला नाहीं; त्यांनीं यंत्रें केलीं. काजळी धरलेल्या कांचेवर लाजाळूच्या देंठाकडूनच ठिपके काढवून तिच्या प्रतिसादाचा काल सेकंदाच्या सूक्ष्म अंशापर्यंत मोजणारें यंत्र त्यांनीं कलकत्त्याच्या कारागिरांकडून बनवून घेतलें. १९१७ सालीं त्यांनीं तेथें आपलें संशोधनमंदिर स्थापिलें, आणि १९२० सालीं त्याच रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासदत्व दिलें.

तथापि थोर पुरुषाचा आदर करणें म्हणजे त्याचें प्रत्येक वाक्य शिरोधार्य मानणें नव्हे. वनस्पतींत विद्युत्-संदेश असतात, हें बसूंचें मत काळाच्या कसोटीस उतरलें. परंतु झाडांत रस वर चढतो तो पेशींच्या स्पंदनानें, ही त्यांची उपपत्ति शास्त्रज्ञांनीं स्वीकारिली नाहीं. तसेंच झाडास प्राण्यासारखे मज्जातंतु नाहींत. संदेश जातो तो रसवाहिन्यांच्या मार्गानें, आणि त्यांत सोडियमऐवजीं कॅल्शियम व क्लोराइड यांचा भाग मोठा असतो. सोनें तेंच, पण हीण वेगळें काढावें लागतें.

आतां पुन्हां माशीपिंजऱ्याकडे वळूं. कारण तो मोजतां येणारा गणिती आहे. त्याच्या प्रत्येक पाळीवर साधारणतः तीन बारीक केस असतात. एकदां केस हालला तर पिंजरा स्वस्थ राहतो. सुमारें वीस सेकंदांच्या आंत दुसऱ्यानें हालला तर एका सेकंदाच्या दहाव्या भागांत मिटतो. पावसाचा थेंब व जिवंत माशी यांतील भेद तो असा ओळखतो. पांच वेळां अथवा अधिक केस हालले म्हणजे पाचक रस तयार होऊं लागतात, असें जर्मनींतील संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें. उगाच रस खर्च करणें त्यास परवडत नाहीं.

असलीं झाडें पाहण्यास अमेरिकेस जावें लागत नाहीं. सातारा जिल्ह्यांतील कासच्या पठारावर पावसाळ्यांत दवबिंदु नांवाची इवलीशी वनस्पति आढळते. तिच्या पानांवरील केसांच्या टोंकांस दंवासारखे चिकट थेंब असतात. त्यांवर किडा बसला कीं केस हळूहळू त्याच्याकडे वळतात. तेथेंच जांभळ्या-निळ्या फुलांची ‘सीतेची आसवें’ पसरलेलीं असतात. त्यांच्या भूमिगत सूक्ष्म पिशव्या एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यांत किडा पाण्यासह आंत ओढतात. परंतु तेथें विजेचा निरोप नसून ताणलेल्या पिशवीचें झाकण उघडतें, एवढेंच. खडकावरील मातीच्या पातळ थरांत नत्र कमी, म्हणून ही उपजीविका.

मग लाजाळू मिटते ती कशासाठीं? जपानांतील संशोधकांनीं २०२२ सालीं हें पाहिलें. ज्या लाजाळूंची मिटण्याची शक्ति काढून घेतली होती, त्यांचीं पानें टोळांनीं अधिक खाल्लीं. म्हणजे ज्यास आपण लज्जा म्हणतों तें स्वसंरक्षण आहे. आपल्या घरांतून मुलींस लाजाळूची उपमा देऊन मिटून राहण्याचा उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, ही वनस्पति भय सरल्यावर पुन्हां उघडते. सदा मिटून राहिली तर तिला सूर्यप्रकाश मिळेना आणि ती सुकून जाईल.

कित्येक अभिमानी वाचक म्हणतील, ‘हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें.’ महाभारताच्या शांतिपर्वांत भृगूनें भरद्वाजास वृक्षांस स्पर्श, श्रवण इत्यादि असतात, असें उदाहरणें देऊन सांगितलें आहे, हें खरें. त्या निरीक्षणाचा गौरव अवश्य करावा. परंतु निरीक्षण निराळें आणि मापन निराळें. विजेचें मापन त्यांत नाहीं. शिवाय आज आपण जिला लाजाळू म्हणतों ती मूळची दक्षिण व मध्य अमेरिकेंतील असून पुढें इकडे आलेली आहे. म्हणून जुन्या वचनांतील प्रत्येक लज्जालु हीच, असें मानूं नये. स्पर्शानें मिटणारी दुसरी लहान वनस्पति, बायोफायटम, मात्र आपल्या देशाची आहे. तसेंच ‘भाजी चिरतांना तिला वेदना होत असतील’ हें अनुमानहि अकालीं आहे. प्रतिसाद देणें आणि दुःख जाणणें या दोन गोष्टी एक नव्हेत. वेदना जाणणारा मेंदू झाडास नाहीं.

घरीं कुंडींत एखादी लाजाळू असल्यास मुलामुलींकडून एक लहानसा प्रयोग करवावा. पाण्याचा थेंब थोड्या उंचीवरून एका पानावर पुन्हां पुन्हां टाकावा. आधीं तें मिटेल. परंतु आघात निरुपद्रवी आहे असें ठरल्यावर पुष्कळदां मिटेनासें होतें. किती थेंबांनंतर हें घडलें, पान पुन्हां केव्हां उघडलें, ऊन होतें कीं सावली, हें सर्व वहींत तारखेसह लिहावें. उत्तर पुस्तकांतून उतरून न घेतां झाडालाच विचारावें. ही संवय एकदां जडली म्हणजे पुढें कोणतेंहि वचन, मग तें प्राचीन असो वा अर्वाचीन, तपासल्यावांचून मानण्याची बुद्धि होणार नाहीं.