फासे तेच, खेळ निराळा : भूमिकाखेळांच्या नियमपद्धती खेळाडूंना का आवडतात?

टेबलाभोवती चार-पाच जण बसलेले असतात. समोर कागद, पेन्सिली आणि काही फासे. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचे ते सांगतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. भूमिकाखेळ अर्थात ‘रोलप्लेइंग गेम’ तो हाच. त्याला नाटकासारखी पात्रे आहेत, पण संहिता नाही आणि प्रेक्षकही नाहीत. संहितेच्या जागी असते ते नियमांचे पुस्तक. कथा जर खेळाडूच रचतात, तर नियम कोणते याने काय फरक पडतो, हा प्रश्न नवख्याला पडतोच. फरक पुष्कळ पडतो. कारण खेळ ज्या कृतीला बक्षीस देतो, तीच कृती खेळाडू पुन्हा पुन्हा करू लागतात.

याचे उत्तम उदाहरण या प्रकारातील आद्य खेळातच सापडते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. सोंगट्यांच्या सैन्यांनी लढाया खेळण्याचा छंद तेथे आधीपासून होता. या दोघांनी प्रत्येक खेळाडूच्या हाती सैन्याऐवजी एकच वीर दिला. त्या काळच्या नियमांत पात्राची प्रगती मुख्यतः भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्यावर अवलंबून असे. राक्षस मारण्याचे गुण त्यामानाने किरकोळ. साहजिकच शहाणा खेळाडू लढाई टाळून खजिना पळवण्याच्या युक्त्या लढवी. पुढील आवृत्त्यांत सोन्याचे गुण मागे पडले, शत्रूवर मात करण्याचे गुण पुढे आले आणि त्याच भुयारांत त्याच नावाचा खेळ लढाऊ वळणाचा झाला. आज या खेळाचे चाहते सांगतात ते सुख मुख्यतः प्रगतीचे आहे : पहिल्या पायरीवरचा दुबळा वीर काही महिन्यांनी ड्रॅगनसमोर उभा राहतो. शिवाय वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेने, म्हणजे शंभरात पाच वेळा पडतो. त्यामुळे नेमक्या वेळी वीस आल्यावर टेबलाभोवती होणारा जल्लोष खराच असतो.

‘कॉल ऑफ कथुलू’ हा १९८१ चा सँडी पीटरसन यांचा खेळ याच्या अगदी उलट दिशेने जातो. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांवर तो आधारलेला आहे. येथील पात्रे प्राध्यापक, वार्ताहर, डॉक्टर अशी साधी माणसे असतात आणि ती फारशी बलवान होत नाहीत. भीषण काही दिसले की त्यांचे मानसिक संतुलनाचे गुण घटतात. त्याहून विलक्षण नियम असा, की त्या गूढ शक्तींविषयीचे ज्ञान जितके वाढेल, तितकी संतुलनाची कमाल मर्यादा खाली येते. रहस्य उलगडण्यासाठी जुनी पोथी वाचावी तर लागते, आणि वाचणे महागात पडते. भयकथेचा आत्मा इतक्या थोड्या अंकगणितात क्वचितच कोणी पकडला असेल. जपानमध्ये हा खेळ अत्यंत लोकप्रिय आहे.

१९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळखेळाची ख्याती निराळीच : त्याच्या मूळ नियमांत पात्राचा पूर्वायुष्यक्रम फाशांनी ठरवतानाच ते मरू शके! एक नोकरी आणखी करून अनुभव कमवावा की आहे त्यावर समाधान मानावे, हा जुगार खेळ सुरू होण्यापूर्वीच रंगतो.

अलीकडच्या पद्धतींपैकी सर्वाधिक प्रभाव पडला तो मेगी आणि व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० मधील ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’चा. येथे सहा बाजूंचे दोनच साधे फासे टाकतात. बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम फत्ते. सहा किंवा कमी आली तर संकट. सात ते नऊ या पट्ट्यात मात्र काम होते, पण काहीतरी गमवावे लागते. दार उघडते, पण पहारेकरी जागा होतो. अधिक-उणे काही नसताना ३६ पैकी १५ वेळा हेच मधले उत्तर येते. पात्राच्या गुणाचा एक अंक मिळवला तर १६ वेळा. म्हणजे ‘झाले नाही, पुढचा बोला’ असा कोरा क्षण जवळजवळ उरतच नाही. प्रत्येक फाशानंतर परिस्थिती बदललेली असते. कथेची ओढ असणाऱ्यांना हा खेळ धरून ठेवतो तो यामुळे. डावपेच आखून, साधनांची मोजदाद करून जिंकण्यात ज्यांना रस आहे, त्यांना मात्र तो विस्कळीत वाटतो, आणि त्यांचे म्हणणे गैर नाही.

‘ड्रेड’ या भयखेळात तर फासेच नाहीत. अवघड कृती करायची तर लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एक ठोकळा अलगद काढायचा. मनोरा कोसळला की ते पात्र खेळातून बाद. थरथरणारा हात येथे अभिनयाचा भाग नसतो.

व्यवहारात अनेक गट एकच पद्धत शिकतात आणि रहस्यकथा, राजकारण, प्रेमकथा सारे तिच्यातच बसवू पाहतात. नवी जाड पुस्तके वाचण्याचा कंटाळा समजण्यासारखा आहे. पण लढाईच्या नियमांनी भरलेल्या खेळात हेरकथा मांडली, की तिसऱ्या प्रसंगात कोणीतरी तलवार उपसतोच. दोष खेळाडूचा नसून त्याच्या कागदावर लिहिलेल्या कौशल्यांचा असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी खर्चाची अडचण तरी आता कमी झाली आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुले आहेत, आणि ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’साठी लागणारे दोन फासे सापशिडीच्या डब्यातूनही घेता येतात.