माणूसघाणी

कर्जत म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला लोकलचे स्टेशन आठवते. आमचे कर्जत ते नव्हे. आमचे अहिल्यानगर जिल्ह्यातले, गोदड महाराजांचे. नावाने असा घोटाळा होतोच. माझ्या बाबतीत तर तो बेचाळीस वर्षे चालला की काय, अशी शंका आता मला येऊ लागली आहे.

लहानपणी घरात मला ‘माणूसघाणी’ म्हणत. कामिका एकादशीला महाराजांचा रथ निघे. सारा गाव रस्त्यावर, आणि मी धान्याच्या खोलीत कानांत बोटे घालून बसलेली! “लोक काय म्हणतील?” म्हणत आई ओढून बाहेर काढी. नव्या फ्रॉकची शिवण टोचते म्हणून रडले, की धपाटा मिळे. मात्र एस. टी. च्या वेळा मला तोंडपाठ. शेजारीपाजारी स्टँडवर न जाता मलाच विचारीत. तेवढ्यापुरती मी हुशार ठरे.

लग्नानंतर मी शिकले. हळदीकुंकवाला जाऊबाई काय बोलतात, केव्हा हसतात, ते पाहून ठेवले. “बऱ्या आहात ना? बाळाला दात आले का?” ही वाक्ये मी वाटेत घोकीत जाई. बायका म्हणत, “किती बोलक्या हो तुम्ही!” घरी परतल्यावर मी दिवा न लावता तासभर पडून राही. सगळ्याच बायकांचे असे होत असेल, अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी माझा सहा वर्षांचा भाचा ‘स्वमग्न’ असल्याचे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले. वहिनी त्यांचे प्रश्न मला सांगत होती. मोठा आवाज सोसत नाही का? कपडे टोचतात का? एकाच विषयात रमतो का? नजरेला नजर देतो का? भाजी निवडता निवडता माझा हात थांबला.

मग मी वाचू लागले. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अशा ११ मुलांचे वर्णन केले. त्यांत मुली तीनच. त्याआधी १९२५ साली मॉस्कोच्या डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांविषयी लिहिले होते. जगाने पुष्कळ वर्षे त्याची दखल घेतली नाही. चार मुलग्यांमागे एक मुलगी, असा हिशेब पुढे रूढ झाला. २०१७ साली ५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हे प्रमाण तीनास एकच्या जवळ निघाले. अनेक मुली निदानावाचून राहून जातात, असे तज्ज्ञ आता म्हणतात. मुली दुसऱ्यांची नक्कल करून झाकून नेतात. आणि मुलगी गप्प बसली की आपण तिला शहाणी म्हणतो.

भगिनींनो, प्रत्येक अबोल बाई स्वमग्न नव्हे. मीही आहेच, असे माझे म्हणणे नाही. हा रोग नव्हे, मेंदूची जन्मापासूनची घडण आहे. म्हणून तर तज्ज्ञ मोठ्या माणसाचेही बालपण विचारतात.

हे म्हणाले, “या वयात नाव कळून काय उपयोग? औषध तर नाही.” मला उत्तर देता आले नाही.

आईला विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तू मांडीवर निजत नव्हतीस. घट्ट गुंडाळून ठेवले की शांत. स्वतःला ‘तू’ म्हणायचीस, आम्ही हसायचो.” आणि थोड्या वेळाने, “मला वाटे, मुद्दाम करतेस. किती मारले गं तुला!”

यावर काय बोलावे, ते मी कुठे घोकून ठेवले नव्हते. तिचा हात धरून नुसती बसले.

भाऊबीज झाली की पुण्याला तज्ज्ञांकडे जायचे ठरले आहे. माझे लहानपण सांगायला आई बरोबर येणार आहे. ते होय म्हणतील, नाहीही म्हणतील.

यंदा कामिका एकादशीला भाचा आला होता. ढोल जवळ येऊ लागले तसा तो कावराबावरा झाला. आईने त्याला ओढले नाही. धान्याच्या खोलीत सतरंजी अंथरली, त्याला बसवले, दार लोटले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तूही जा आत.”