फ्लाइट सिम्युलेटरमध्ये खरी विमाने व जहाजे : थेट माहितीचा उपयोग आणि मर्यादा

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातील पीपलरावां येथे समुद्र नाही, विमानतळही नाही. तरीही संगणक व इंटरनेट यांच्या साहाय्याने तेथील वर्गात माळव्यावरून या क्षणी जाणारी विमाने किंवा मुंबई बंदरातील जहाजे सिम्युलेटरच्या पडद्यावर दाखविता येतात. भूगोल, गणित व संगणकशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना हे साधन उपयुक्त आहे. मात्र पडद्यावरील दृश्यात अस्सल किती व नक्कल किती, हे विद्यार्थ्यांना कळणे अत्यंत आवश्यक आहे.

माहितीचा उगम

‘एडीएस-बी’ यंत्रणा असलेले विमान आपले स्थान, उंची, वेग व दिशा १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःच प्रसारित करते. स्थानाचा संदेश सेकंदाला सुमारे दोनदा निघतो. जहाजांसाठी ‘एआयएस’ ही यंत्रणा आहे. आंतरराष्ट्रीय सफरीवरील ३०० टन व त्याहून अधिक टनभाराच्या जहाजांना ती २००४ च्या अखेरपर्यंत सक्तीची झाली. अशी मोठी जहाजे चालू असताना २ ते १० सेकंदांनी, तर नांगरलेली असताना दर ३ मिनिटांनी आपले स्थान कळवितात. प्रत्येक जहाजाला नऊ अंकी क्रमांक असतो. भारतीय जहाजांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो.

हे संदेश जवळजवळ सरळ रेषेत जातात. ३५,००० फुटांवरील विमानाचा संदेश जमिनीवर सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतो. १,००० फुटांवर ही मर्यादा सुमारे ७० किलोमीटर होते. म्हणून पीपलरावांत बसविलेल्या रिसीव्हरला उंचावरील दूरची विमाने दिसतील, पण इंदूरला उतरणाऱ्या विमानाचा शेवटचा टप्पा दिसणार नाही. ही उणीव अनेक ठिकाणच्या रिसीव्हरांचे जाळे भरून काढते. ‘ओपनस्काय नेटवर्क’ हे असेच एक जाळे असून ते संशोधन व शिक्षणासाठी माहिती पुरविते. २२.५ ते २४ उत्तर अक्षांश आणि ७५ ते ७७.५ पूर्व रेखांश अशी चौकट मागितल्यास इंदूर व भोपाळ ही दोन्ही विमानतळे तीत येतात.

सिम्युलेटरमध्ये प्रवेश

मध्ये एक छोटा प्रोग्राम लागतो. तो माहिती घेतो, एकके बदलतो आणि प्रत्येक विमानाच्या ओळख-क्रमांकावरून पडद्यावरील वस्तू निर्माण करतो, हलवितो वा काढून टाकतो. ओपनस्काय उंची मीटरमध्ये व वेग मीटर प्रतिसेकंदात देते. त्यांना अनुक्रमे ३.२८१ व १.९४४ ने गुणले की फूट व नॉट मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘सिमकनेक्ट’ या दुव्याद्वारे विमाने व जहाजे दोन्ही ठेवता येतात. ‘एक्स-प्लेन’साठी ‘लाइव्हट्रॅफिक’ हा तयार जोडप्रोग्राम उपलब्ध आहे.

दोन संदेशांमधील रिकामी जागा

ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान १० सेकंदांत अडीच किलोमीटर पुढे जाते. १२ नॉट वेगाचे जहाज केवळ ६२ मीटर. जाळ्यातून माहिती १० सेकंदांनी आली तर विमान पडद्यावर उड्या मारील. यावर दोन उपाय आहेत. पहिला, शेवटचा वेग व दिशा धरून पुढील स्थानाचा अंदाज बांधणे. विमान वळल्यास हा अंदाज चुकतो. दुसरा, दृश्य थोडे उशिराने दाखवून दोन ज्ञात बिंदूंमधील मार्ग भरणे. यात अचूकता वाढते, परंतु दृश्य ‘आत्ताचे’ राहत नाही.

उंचीचाही प्रश्न आहे. विमान जी उंची कळविते ती १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून मोजलेली असते. पावसाळ्यात दाब त्याहून १० एककांनी कमी असला तर धावपट्टीला टेकणारे विमान सुमारे ३०० फूट अधांतरी दिसते. त्या दिवशीचा दाब घेऊन ही दुरुस्ती करावी लागते.

वर्गातील उपयोग

अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून दोन रकाने भरून घ्यावेत : ‘मिळालेले’ व ‘काढलेले’. अक्षांश, रेखांश, वेग पहिल्यात. मधला मार्ग, दुरुस्त उंची दुसऱ्यात. जहाजाचे गंतव्य बंदर खलाशी हाताने भरतात, त्यामुळे ते जुनेही असू शकते. याची नोंद शेजारी करावी.

तिसरी बाब रकान्यांत मावत नाही, ती म्हणजे जे दिसतच नाही. अनेक लहान मासेमारी होड्यांवर एआयएस नसते. मुंबईचा समुद्र पडद्यावर मोकळा दिसला, तरी तेथे माणसे जाळी टाकून बसलेली असू शकतात. असे चित्र प्रत्यक्ष मार्गदर्शनासाठी कधीही वापरू नये. नोंद नाही म्हणजे अस्तित्व नाही असे नव्हे, हे एवढे जरी विद्यार्थ्याच्या मनात ठसले, तरी या साधनाचा वापर सार्थकी लागेल.