कॉफी पिऊन नदीवर जाऊ नका

नदीतली औषधं आणि कीटकनाशकं शोधायला निघालेल्यांना काही पथ्यं पाळावी लागतात. कॉफी नाही, तंबाखू नाही, डास पळवणारं मलम तर मुळीच नाही. कारण मोजमाप असतं लिटरमागे नॅनोग्रॅमचं, म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात १ ग्रॅम! बोटाला लागलेलं मलम बाटलीत उतरलं, की नदीवर नसता आळ येतो.

अत्यल्प धातू मोजायचे तर जोडीनंच जायचं. एकाचे हात ‘स्वच्छ’, दुसऱ्याचे ‘मळके’. बाटलीला स्पर्श फक्त स्वच्छ हातांचा. पेटी उघडणं, पंप लावणं ही कामं मळक्या हातांची. बाटली दोन पिशव्यांत गुंडाळलेली असते. पाण्यात उभं राहायचं ते प्रवाहाकडे तोंड करून, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ मागे वाहून जातो.

झरा हिरवा झाला

दक्षिण जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूबचं पाणी चुनखडीच्या भेगांत गडप होतं. ते जातं कुठे? १८७७ मध्ये तिथे १० किलो फ्लुरेसिन हा चमकणारा रंग ओतला. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवा चमकू लागला! काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी जमिनीखालून वाट बदलून ऱ्हाईनच्या खोऱ्यात शिरत होतं. आजही वर सांडलेलं विष खालच्या पाणीउपशापर्यंत किती तासांत पोहोचेल, हे काढायला नदीत रोडामिनसारखा रंग सोडतात.

नदी चुगली करते

कोकेन घेणारा कबूल करत नाही, पण त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं बेंझॉइलएक्गोनिन हे कोकेनचं अवशिष्ट रसायन सांडपाण्यातून नदीत येतं. इटलीच्या संशोधकांनी २००५ मध्ये पो नदीत ते मोजलं आणि हिशेब मांडला: रोज सुमारे ४ किलो कोकेनइतका ऐवज वाहतोय. नदीच्या वरच्या खोऱ्यात माणसं सुमारे ५० लाख. सरकारी अंदाजापेक्षा हा आकडा बराच मोठा होता.

एमआरआयच्या आधी टोचतात ते गॅडोलिनियमही असंच नदीत पोहोचतं. १९९६ मध्येच जर्मन नद्यांत त्याचा माग लागला होता.

दुपारचं पाणी, पहाटेचं पाणी

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरी ओढ्यांची गोष्ट. तिथल्या जुन्या खाणींतून जस्त आणि आर्सेनिक पाझरतं. संशोधकांनी दिवस-रात्र ओढ्याकाठी बसून ठरावीक अंतरानं बाटल्या भरल्या. ओढा तोच, जागा तीच, तरी पहाटेच्या पाण्यात जस्त दुपारच्या कैकपट! आर्सेनिकचं नेमकं उलट.

कारण शेवाळात आहे. उन्हात ते कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा सामू वाढतो आणि जस्त दगडांवरच्या थराला चिकटतं. आर्सेनिक मात्र सुटतं. रात्री चक्र फिरतं. म्हणजे दर महिन्याला दुपारी एकच बाटली भरून ‘जस्त मर्यादेत’ असा शिक्का मारला, तर रात्रभर माशांनी काय सोसलं हे कागदावर येतच नाही. नमुन्याशेजारी घड्याळाची वेळ छापल्याशिवाय कोणताही आकडा स्वीकारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टायर आणि सामन

सिॲटलच्या ओढ्यांत अंडी घालायला परतणारे कोहो सामन मासे पाऊस पडला की तडफडून मरत. चम सामन मात्र त्याच पाण्यात धडधाकट! वर्षानुवर्षं कोडं सुटेना. ओढ्यातलं आणि रस्त्यावरून वाहून आलेलं पाणी तपासत, एकेक रसायन वगळत संशोधक २०२० मध्ये गुन्हेगारापर्यंत पोहोचले. टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ६पीपीडी घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं क्विनोन बनतं, आणि कोहो मरतात ते त्यानंच.

मांजरा

बीडच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा पुढे तेलंगणात जाते. हैदराबादजवळच्या पटनचेरूत बरेच औषधकारखाने आहेत. तिथलं सांडपाणी ओढ्यांवाटे नक्कावागूत आणि पुढे मांजरेत येत असे. स्वीडनच्या संशोधकांनी २००७ मध्ये तिथल्या प्रक्रिया केंद्राच्या, म्हणजे ‘शुद्ध’ करून सोडलेल्या, पाण्यातलं सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक मोजलं. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत! हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. दिवसाला सुमारे ४५ किलो औषध वाहून जात होतं. स्वीडनला ते पाच दिवस पुरलं असतं.

मग त्यांनी प्रवाहातला गाळ उपसला. २०११ च्या अहवालानुसार त्या गाळातल्या जिवाणूंत प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांची दाटी होती.